दोनशे वाव उत्तरेला

“घर दोन मैल,” वायरलेसमधून माझ्या नवऱ्याचा आवाज आला. “धुक्यां लय असा. पुढे उभो रवलेलो खलाशी पण दिसणा नाय. पण तू काळजी करू नको, मी सावकाश येतंय.”

मी माइकचं बटण दाबून “बरां” म्हटलं आणि शेगडीवर पेज ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. माघ महिना होता. खिडकीबाहेर रोज समुद्र दिसायचा, तिथे त्या दिवशी नुसतं पांढरं होतं. आमच्या शिरोंडी बंदरात असं धुकं वर्षातून एखाद-दोनदाच पडायचं.

वायरलेस सेट आमच्या स्वयंपाकघराच्या दारात, फळीवर. त्याच्याखाली खुर्चीत माझे सासरे बसले होते, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. डावा डोळा अजून पिकायचा होता, म्हणजे त्यातूनही त्यांना दिसायचं ते बेताचंच. वाकायचं नाही, जोरात शिंकायचं नाही आणि रागवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्या दोन गोष्टी ते पाळत होते.

त्यांचं नाव भिकाजी तारी. बंदरात सगळे भिकातांडेल म्हणायचे, घरात आम्ही आबा. होडी ज्याच्या हुकमाने चालते तो तांडेल. आबा चाळीस वर्षं तांडेल होते आणि इतर होड्या मोकळ्या आल्या तरी त्यांची होडी कधी मोकळी यायची नाही. लोक म्हणायचे, त्यांच्या हाताला गुण आहे. आबा यावर काही बोलायचे नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांच्याइतकं कोणी मनावर घेतलेलं मी पाहिलेलं नाही.

“सावकाश कसो येता?” आबा म्हणाले. “धुक्यात मेळ खंयचो धरतलो? देऊळ दिसणा नाय, माड दिसणत नाय. नांगर टाकून गप रव म्हणान सांग त्येका.”

मी निरोप दिला. गुरूचा आवाज मोठ्या आत्मविश्वासाने परत आला.

“कित्याक? मी रूटार असंय.”

आबांची मान सेटकडे वळली.

“रूट? कसलो रूट?”

आता सांगणं भाग होतं. तोवर दोन दिवस मी ते पोटात ठेवलं होतं.

आमच्या होडीवर प्लॉटर होता. छोट्या टीव्हीएवढा डबा, त्याच्या पडद्यावर समुद्राचा नकाशा, नकाशावर आपली होडी म्हणजे एक काळा बाण. जिथे मासा लागला तिथे बटण दाबलं की त्या जागेचा पॉइंट साठवला जातो आणि पुढच्या वेळी बाण तिकडे न्यायचा. वस्तू महागाची, म्हणून होडी लागली की आबा तो डबा सोडवून, टॉवेलात गुंडाळून घरी आणायचे. घरी तो टीव्हीच्या शेजारी, जीपच्या जुन्या बॅटरीवर चालायचा. त्यातलं इंग्रजी मला वाचता यायचं. बारावी सायन्सपर्यंत शिकलेली सून आणल्याचा आबांना झालेला हा पहिला फायदा. पॉइंटांना नावं मी द्यायची: जो मासा लागला त्याचं, ‘तांबोशी एक’, ‘गोबरो’, आणि होडी नांगरायच्या जागेला ‘घर’. आकड्यांना मात्र मी हात लावायचा नाही. ते आबा स्वतः टाकायचे, एका बोटाने, माझ्याकडे पाठ करून.

मी मात्र होडीवर कधी पाय ठेवला नव्हता. आमच्यात बाई होडीवर चढत नाही. मी सात वर्षं तो समुद्र टीव्हीशेजारीच बघितला.

गुरू तेव्हा तीस वर्षांचा. चौदा वर्षं बापाच्या हाताखाली खलाशी होता. होडी कुठे आहे ते किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका ओळीत आणून ओळखायचं, त्याला मेळ म्हणतात. आबांनी त्याला मेळ शिकवले ते असे: “बग आणि शिक.” काय बघायचं ते सांगायचे नाहीत. चौदा वर्षं पोराने चारी दिशांना बघितलं. मग आबांचा डोळा गेला, डॉक्टरांनी दोन महिने समुद्र बंद केला, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आबांनी सुकाणू पोराच्या हातात दिलं. म्हणाले, “आता बग.”

गुरूला रात्रभर झोप लागली नाही. पहिल्याच फेरीला होडी मोकळी आली तर खलाशी दुसरीकडे जाणार, खलाशी गेले की होडी किनाऱ्यावर, आणि होडी किनाऱ्यावर म्हणजे आम्ही किनाऱ्यावर. आबा कुडाळला दवाखान्यात असताना तो भरदुपारी माझ्यासमोर येऊन बसला.

“माका मेळ येणत नाय,” म्हणाला. “तू ह्या डब्यात रूट करतलंस काय? आबांका सांगू नको.”

मी माहितीपुस्तक काढलं. रूट करणं काही कठीण नव्हतं. साठवलेले पॉइंट एकामागोमाग निवडायचे, डबा ते रेघेने जोडतो. मग समुद्रात बाण त्या रेघेवर ठेवला की झालं. रेघ सुटली की डबा शिटी मारतो. मी रूट केला: घर, तिथून ‘तांबोशी एक’, मग ‘गोबरो’, आणि परत घर. चांगली ताठ रेघ आली. पडद्यावर ‘घर’ पाण्यात न दिसता रामा परबाच्या माडाच्या बागेला टेकलेलं दिसत होतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. आमच्या किनाऱ्याचा नकाशा कुठल्या तरी जुन्या मोजणीचा होता. आमची होडी रोज संध्याकाळी परबाच्या बागेतून जाते आणि विहिरीजवळ नांगरते, हा घरातला जुनाच विनोद होता.

हे सगळं मी आबांना दोन वाक्यांत सांगितलं. म्हटलं, “गुरूचा दोष नाही, मीच करून दिला.”

मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले.

“पॉइंट खंयचे घेतलंस?”

“तुमचेच. त्यातलेच.”

“घर पण?”

“घर पण.”

“घर एक पॉइंट सहा,” सेटमधून गुरू म्हणाला. अंतर सांगत राहायची त्याला मीच सवय लावली होती.

“चेडवा,” आबा म्हणाले, “ते पॉइंट खोटे आसत.”

मला कळेना. मी विचारलं, कुठले.

“सगळे. दोनशे वाव उत्तरेक सरकवलेले आसत. एकूण एक.”

दोन्ही हात पसरले की त्या बोटापासून या बोटापर्यंत एक वाव होतं, साधारण सहा फूट. दोनशे वाव म्हणजे आमच्या घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत. आणि आमच्या बंदराच्या तोंडाशी, वाटेच्या उत्तरेला, दोनशे वावांवर म्हातारी होती. म्हातारी म्हणजे खडप, पाण्यातला खडक. ओहोटीला तिची पाठ दिसायची, भरतीला ती पाण्याखाली हातभर असायची. त्या वेळी भरती होती.

मी कालची गोष्ट आठवली. काल दुपारी गुरू वायरलेसवर कुरकुरत होता, की पॉइंटावर गरी टाकतोय तर खाली नुसता चिखल, खडक लागतच नाही. मला वाटलं होतं माझा रूट चुकला. आबा मिशीत हसले होते. त्यांना वाटलं, पोराला मेळ धरता येत नाही.

खोटं का, तर चोरीच्या भीतीने. बंदरात मशीन दुरुस्त करणारा एक जण यायचा. होडीवर काम करता करता एका डब्यातले पॉइंट वायर लावून दुसऱ्या डब्यात उतरवायचा आणि दारूच्या बाटलीवर विकायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर प्रत्येकाचा आपापला इलाज होता. कोणी डबा उशाला घेऊन झोपायचा. आबांचा इलाज हा. खरा आकडा फक्त डोक्यात. पडद्यावरच्या आकड्यातून मनात वजाबाकी करायची. दोन वर्षांपूर्वी तो माणूस आमच्याकडे आला तेव्हा आबांनी त्याला दहा मिनिटं मुद्दाम एकटं सोडलं होतं, वर चहाही पाजला होता.

“पण घर कशाला?” मी म्हटलं. “घर कोण चोरणार?”

“चोराक एक पॉइंट खरो गावलो,” आबा म्हणाले, “तर बाकीच्यांचो हिशोब तो बोटार करतलो.”

तर्क बिनचूक होता. मी माइककडे हात नेला. माझ्या आधी आबांच्या हाताला तो सापडला. त्यांनी तो मुठीत धरला.

“सगळां बंदर आयकतलां,” ते म्हणाले.

हे खरं होतं. वायरलेस म्हणजे काही फोन नव्हे. मोबाइल आमच्याकडे देवळाच्या घाटीवर चढल्यावर लागायचा, समुद्रात त्याचं नावच नको. वायरलेसवर शिंकलं तर चाळीस घरांतून लोक काळजी करायचे. दोनशे वाव दक्षिणेला सरक, एवढं एकच वाक्य त्यावर गेलं असतं, की ज्याच्या ज्याच्या डब्यात आबांचे चोरलेले पॉइंट होते, त्या सगळ्यांचे पॉइंट त्याच क्षणी खरे झाले असते. चाळीस वर्षांची खडपं, मासा हमखास लागायच्या जागा. त्यातली दोन त्यांच्या बापाने दाखवलेली.

“मी त्येका कळात अशां सांगतंय,” आबा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. “गुरू. आयकतस?”

“होय आबा.”

“तुझ्या आजयेच्या म्हायेराक वळ.”

आजीचं माहेर दक्षिणेला, वेंगुर्ल्याकडचं.

“आबा, आजी जावन वीस वर्षां झाली.”

“ती जाव दी. तिचा म्हायेर खंय, ता बग.”

“थंय आता कोण रवता?”

“कोण रवता ता नको रे तुका!” डॉक्टरांचं तिसरं पथ्य इथे मोडलं. “वळ म्हणतंय तर वळ!”

“आबा, डोळो दुखता काय तुमचो? तुमी झोपा बगूया,” गुरू म्हणाला. मग आवाज बदलून, माझ्यासाठी: “गो, आबांका ताप हा काय? बग वायच. घर एक पॉइंट चार.”

सात वाजून शेहेचाळीस मिनिटं. आबांनी बटणावरचं बोट काढलं. माइक सोडला नाही.

यापुढचं सांगायला मला फार शब्द लागणार नाहीत, कारण त्यात कोणी काही बोललं नाही. आबा खुर्चीत ताठ बसून राहिले. माइक त्यांच्या छातीशी होता. त्यांचे ओठ हलत होते, मला वाटलं काही तरी जुळवताहेत, दुसरं कोडं, जे फक्त गुरूला कळेल आणि इतरांना कळणार नाही. मी उभी होते. मध्ये चार हातांचं अंतर होतं.

“एक पॉइंट दोन,” गुरू म्हणाला.

मी “आबा” म्हटलं. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

बंदरावर मच्छीमारांच्या सोसायटीत दुसरा सेट होता, पण तिथवर पळत गेलं तरी दहा मिनिटं. मी हिशोब केला. म्हातारी घरापासून अर्ध्या मैलावर. होडी मिनिटाला एक दशांश मैल येत होती. म्हणजे वेळ होता. मी खरं तेच लिहिते: मला वाटलं, वेळ आहे. मला वाटलं, गुरूला पाणी फुटल्याचा आवाज येईल, तो आपणच वळेल, आणि मूठ झाकलेलीच राहील. सासऱ्याच्या हातातून वस्तू ओढून घ्यायची म्हणजे काय, तेही मनात आलं. सात वर्षांत माझं बोट कधी त्यांच्या हाताला लागलं नव्हतं. आणि खडपांबद्दलही मनात आलं. तो मासा मीही खात होते.

“एक,” गुरू म्हणाला.

माझा नवरा अंगाने आडदांड, मनाने भाबडा, आणि मी केलेल्या रेघेवर डोळे मिटून विश्वास ठेवून येत होता. रेघ सोडली की शिटी वाजेल म्हणून तो डोळे सुद्धा वर करणार नव्हता. त्याचा मला भयंकर राग आला आणि तेवढीच माया आली.

“पॉइंट आठ. पेज वाढून ठेव गो. भूक लागली हा, धा मिनटांत पोचतंय.”

मी माइक घेतला. ओढावा लागला. आबांची बोटं एकेक करून सोडवावी लागली, पण त्यांनी जोर केला नाही, हेही सांगायला हवं.

“गुरू, आधी होडी थांबव,” मी म्हटलं. “रूट खोटा आहे. डब्यातले सगळे पॉइंट दोनशे वाव उत्तरेला आहेत. तू म्हातारीवर येतोयस. दक्षिणेला वळ. दोनशे वाव दक्षिणेला ये, मगच आत वळ. कळलं? सगळे पॉइंट. दोनशे वाव.”

तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मी ओरडत होते. मग बटण सोडलं. सेट गप्प होता. इंजिनाची घरघर नाही, खरखर नाही. मागे पेज उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅसचा वास सुटला, तो मी बंद केला. कसा, ते आठवत नाही.

मग आवाज आला. पण तो गुरूचा नव्हता.

“वयनी,” लवू मालंडकर म्हणाला. लवूची होडी आमच्यापेक्षा मोठी, डबा नवाकोरा, आणि भिकातांडेलाच्या पॉइंटांची मला काय गरज, असं तो चारचौघांत सांगायचा. “वयनी, दक्षिणेक किती म्हणालंस?”

“दोनशे वाव.”

“बरां,” लवू म्हणाला. “मी गुरूच्या मागसून येय होतंय. माझ्या पण डब्यात ताच घर असा.”

“माझ्या पण,” आणखी कोणीतरी म्हणालं.

“माझ्याय,” तिसरा म्हणाला. हा आबांचा सख्खा चुलतभाऊ होता.

आपल्या घराचा पॉइंट सहसा कोणी स्वतः मारत नाही. रोज डोळ्यांसमोर असतं, कशाला मारायचा? धुकं पडल्यावर त्यांनी चोरलेल्या यादीत बघितलं, तिथे ‘घर’ आयतंच लिहिलेलं सापडलं, माझ्या इंग्रजी अक्षरांत. अशा तीन होड्या त्या सकाळी माझ्या नवऱ्यामागून ओळीने म्हातारीवर चालल्या होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक होते, पण त्या दिवशी सगळ्यांनी आपापली भांडी पुढे केली.

“गुरू?” मी म्हटलं. “गुरू?”

“असंय,” गुरू म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “वळलंय. डाव्या हाताक पाणी फुटता. आयकू येता. लय जवळ असा.” मग बराच वेळ नुसतं बटण दाबून धरलेलं, आणि त्यातून इंजिन. “आता नाय येणा. आता मागे पडला.”

मी खाली जमिनीवर बसले. आबा खुर्चीत तसेच होते. हात छातीशी, माइक धरल्यासारखे.

गुरू नऊ वाजता घरी आला. येताना वाटेत भेटेल त्याला त्याने गोष्ट सांगितली असावी, कारण त्याच्यामागून सात-आठ माणसं अंगणात आली. घरात शिरताच तो आबांच्या पायांवर पडला. एवढा मोठा पुरुष रडत होता. आवाज माझा होता, पण सांगायला आबांनीच लावलं, असं त्याने धरलं होतं.

“आबा, तुमी आपली खडपां घालवल्यात माझ्यासाटी,” तो म्हणाला. “येळेर सांगितल्यात म्हणून वाचलंव.”

आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी दारात उभी होते. मला वाटलं, ते गप्प बसतील. गप्प बसणं त्यांना जमायचं.

“मी नाय सांगितलंय,” आबा म्हणाले. “मी गप होतंय. हिणा माइक ओढून घेतलो आणि सांगितल्यान. मी गप होतंय.”

मग लवू मालंडकर म्हणाला, “बगा. ह्येका म्हणतत मोठां मन. सुनेक मान देतत.” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरू हसला, डोळे पुसत. आबांनी पुन्हा सांगितलं. जितक्यांदा सांगितलं तितकी लोकांच्या मनात त्यांची उंची वाढत गेली.

लवू जाताना थांबला. हातभर लांबीचं इसवण त्याने माझ्या हातात दिलं. बाहेरच्यांसाठी सांगते, इसवण म्हणजे सुरमई. मग हळूच विचारलं, “वयनी, एक इचारूचा होता. सगळेच दोनशे वाव? की गोबरो वायच जास्ती?”

“सगळेच,” मी म्हटलं.

तो मान हलवत गेला. दोन वर्षं चिखलात गरी टाकून बसलेल्या माणसाला जे दुःख व्हायला हवं, तेवढं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. तांबोशीच्या खडपावर अठरा होड्या मोजल्या, गुरू सांगत आला. शिमग्यापर्यंत तिथे काही उरलं नाही. पुढे आमची होडीही इतरांसारखीच कधी भरून, कधी मोकळी यायला लागली. गुरूने मेळ शिकून घेतले. आबा आता किनाऱ्यावर बसून एकेक खूण नाव घेऊन सांगायचे, कोणी विचारलं तर त्यालाही सांगायचे. लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. खलाशी टिकले. खोटं कशाला बोलू, हातात पैसा कमी आला, पण घर चाललं.

ती गोष्ट बंदरात राहिली. भिकातांडेलाने पोरासाठी आणि दुसऱ्या तीन होड्यांसाठी, त्याही चोरांच्या, आपली खडपं सोडली. लग्नात, बारशाला, सोसायटीच्या सभेत कोणीतरी ती काढायचंच. आणि आबा असले की दर वेळी म्हणायचे, “नाय रे बाबांनो. मी गप होतंय.” लोक म्हणायचे, बघा, अजून स्वतःकडे घेत नाहीत. इतकी वर्षं त्यांनी डब्यात आकडा खोटा ठेवला, तो सगळ्यांनी खरा मानून चोरून नेला. आता ते खरं सांगत होते, ते कोणी फुकट घ्यायला तयार नव्हतं. माझ्या मुलांनाही ते सांगायचे. मुलं म्हणायची, आबा किती गमती करतात.

मी मध्ये पडले नाही. गुरूला मी आजवर सांगितलेलं नाही. त्याचा बाप त्याच्यासाठी धावून आला, असं त्याला वाटतं. त्या विश्वासावर तो तांडेल झाला. तो मी काढून घेणार नाही.

आबा जाण्याआधीच्या पावसाळ्यात बिछान्याला खिळले होते. दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. दोन घास झाल्यावर त्यांनी तोंड फिरवलं.

“चेडवा, माका त्या वेळी घड्याळ दिसणा नाय होतां,” म्हणाले. “मी किती येळ गप होतंय?”

“सहा मिनिटं,” मी म्हटलं.

“सहाच?” ते म्हणाले. “माका वाटलां, लय येळ.”

“फार वेळच होता, आबा.”

“तुका खरां वाटता मां? मी गप होतंय ता?”

“हो.”

“बाकी कोणाक वाटणा नाय,” ते म्हणाले.

मी वाटी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते तिथे सांगावंसं वाटलं.

“मी पण गप्प होते, आबा. माझ्यासमोर घड्याळ होतं, आणि मी सहा मिनिटं उभी होते. मीही खडपांचा विचार करत होते.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ऑपरेशन केलेला डोळा तेव्हा अगदी स्वच्छ दिसायचा. मला वाटलं, आता ते म्हणतील, काहीतरीच काय, तू तर माइक ओढून घेतलास. जे सगळं गाव त्यांना म्हणत आलं, तसंच.

“होय,” आबा म्हणाले. “माका तुझो श्वास आयकू येय होतो.”

मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी उरलेली पेज भरवली.